पिशवीत बांधलेली आग

गेल्या महिन्यात न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. भाच्याला ड्रॅग रेसिंगचं वेड लागलंय. "तूच समजाव रे त्याला," ताई म्हणाली. भाचा मला त्याच्या गाडीकडे घेऊन गेला, डिकी उघडली आणि म्हणाला, "मामा, ही फ्युएल सेल."

फ्युएल सेल म्हटलं की मला हायड्रोजन आठवतो. ही तर नुसती पेट्रोलची टाकी! बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत रबर चढवलेल्या मजबूत कापडाची पिशवी आणि पिशवीत ठासून भरलेला स्पंज. धडक बसली तर डबा चेपतो, पिशवी वाकते पण सहसा फाटत नाही. स्पंजमुळे पेट्रोल हिंदकळत नाही.

ही कल्पना मूळची लढाऊ विमानांची. गोळी लागली तरी टाकी गळू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात रबराचे थर वापरत. शर्यतीच्या गाड्यांना मात्र त्यासाठी १९६४ साल उजाडावं लागलं. २४ मे रोजी शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटून पेटली. तो २ जुलैला गेला. मधेच, ३० मे रोजी, इंडियानापोलिसला दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स आगीत गेले. अपघातामुळे ती शर्यत थांबवावी लागली, आणि असं तिथे पहिल्यांदाच घडलं. त्यानंतर फायरस्टोनसारख्या कंपन्यांनी अशा पिशव्या शर्यतींसाठी आणल्या आणि हळूहळू त्या नियमांतही शिरल्या.

गंमत बघा, एकीकडे इंधन कोंडून ठेवायची ही धडपड, तर दुसरीकडे तेच जास्तीत जास्त वेगाने इंजिनात ओतायची! स्टुअर्ट हिलबॉर्नने १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर इंजिनावरच चालणारा पंप लावून इंधन थेट फवारलं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका पंपही. १९४८ साली त्याच्या गाडीने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. आजच्या टॉप फ्युएल गाड्या नायट्रोमिथेन पितात. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला जेमतेम पावणेदोन. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन! म्हणून त्यांचे पंप मिनिटाला साडेतीनशे लिटरहून अधिक इंधन ढकलू शकतात. गाडी सुटताना सगळं इंधन मागे लोटलं जातं, त्यामुळे त्यांची टाकी पुढच्या टोकाला असते. क्षणभर जरी इंधन कमी पडलं तरी पिस्टन वितळतात.

भाचा हे सगळं रंगवून सांगत होता. पंपावर त्याने बरेच पैसे घातले होते. सेल मात्र जुन्यात घेतलेली. रबर जुनं होतं, म्हणून एफआयए-मान्य पिशवीवर तारीख छापलेली असते आणि तिचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरतात. मी वाकून तारीख वाचली. नऊ वर्षं झाली होती.

"अरे, ही बदल आधी. मग हवा तेवढा पळ."

तो जरा ओशाळला. संध्याकाळी ताईने विचारलं, "समजावलंस का?" मी हो म्हणालो. नक्की काय समजावलं ते सांगितलं नाही. आता हे वाचलंस की कळेलच, ताई! पण नवी पिशवी बसवल्याचा फोटो त्याने परवा पाठवलाय, तो तेवढा बघून घे.