मीठवाटा, घाटरस्ते आणि सायकल

ऱ्होन नदीच्या खोऱ्यापासून इटलीच्या सरहद्दीपर्यंत पसरलेल्या आग्नेय फ्रान्समध्ये आल्प्सच्या रांगा थेट भूमध्य समुद्रापर्यंत उतरत आल्या आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरच्या ऑलिव्हच्या बागांतून सकाळी निघालेला सायकलस्वार त्याच दिवशी सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यात आणि पुढे उघड्या खडकाळ माथ्यावर पोहोचू शकतो. शर्यतीसाठी नव्हे तर प्रदेश पाहण्यासाठी लांब पल्ल्याची सायकल चालवण्याची जी परंपरा फ्रेंच लोकांनी ‘सिक्लोतुरिझ्म’ या नावाने रुजवली, तिचे घडण्याचे एक मुख्य ठिकाण म्हणजे हाच प्रदेश होय. परंतु ज्या घाटांवर ही परंपरा वाढली, त्यांपैकी बहुतेक रस्ते सायकलीचा विचारही कोणाच्या मनात नसताना मिठाच्या, लष्कराच्या किंवा हवामानशास्त्राच्या गरजेने बांधले गेले होते.

त्यांतील सर्वांत जुनी वाट मिठाची आहे. नीस हे बंदर 1388 मध्ये सव्हॉय घराण्याच्या ताब्यात आले आणि पर्वतापलीकडच्या पिएमोंते प्रांताला समुद्राकडे जाण्याचा स्वतःचा मार्ग मिळाला. पिएमोंतेला किनारा नव्हता, तरी चीज बनवण्यासाठी, मांस टिकवण्यासाठी आणि गुरांना चाटवण्यासाठी मीठ तर हवेच होते. त्यामुळे मिठाच्या गोण्या लादलेल्या खेचरांचे तांडे नीसहून तुरिनकडे शतकानुशतके जात राहिले. या मार्गाची अडचण अशी की तो एका चढात संपत नाही. नीस सोडल्यावर ब्राउसची 1002 मीटर उंचीची खिंड चढायची, सोस्पेल गावापाशी साडेतीनशे मीटरपर्यंत खाली यायचे, पुन्हा 879 मीटरवरची ब्रुईची खिंड ओलांडून रोया नदीच्या खोऱ्यात उतरायचे आणि मग 1871 मीटर उंचीच्या ताँदच्या खिंडीकडे वळायचे, म्हणजे कमावलेली उंची दोनदा गमावून तिसऱ्यांदा कमवायची. सोस्पेलच्या जुन्या दगडी पुलावर मधोमध एक बुरूज उभा आहे. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात बसे ती येथेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या व्हिक्टर अमेदेओ राजाच्या कारकिर्दीत ही खेचरवाट गाडीरस्त्याच्या रुंदीची करण्यात आली. तांदूळ पिकवण्याच्या आणि सडण्याच्या पिएमोंती पद्धतींची माहिती मिळवण्यासाठी 1787 च्या एप्रिलमध्ये टॉमस जेफरसन नीसहून तुरिनला गेला तो याच मार्गाने. ब्राउसच्या माथ्याजवळ दगडी भिंतींनी तोललेली, एकावर एक रचल्यासारखी दिसणारी जी आखूड वळणे आजही आहेत, त्यांतून त्या काळच्या बांधणीचा विचार स्पष्ट कळतो. ओझे वाहणारे जनावर तीव्र चढ फार वेळ सोसू शकत नाही, म्हणून अंतर वाढले तरी चालेल पण चढ एकसारखा राहिला पाहिजे या हिशेबाने वाट आखावी लागे. आणि माणसाच्या पायांची ताकदही जनावराच्या ताकदीसारखीच मर्यादित असल्याने तीच आखणी पुढे सायकलस्वाराच्या कामी आली. ताँदच्या डोंगराखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदा 1882 मध्ये खुला झाला आणि वाहतूक वरच्या खिंडीतून निघून गेली. माथ्यावर इटलीने बांधलेले किल्ले आणि दक्षिण उतारावरची चाळीसहून अधिक नागमोडी वळणे मात्र तशीच राहिली. ती खडीची वाट आज मुख्यतः पदयात्री आणि सायकलस्वारच वापरतात.

पश्चिमेकडे, प्रोव्हाँसच्या सपाटीवर एकाकी उभ्या असलेल्या 1910 मीटर उंचीच्या माँ व्हाँतू पर्वताची कथा निराळी आहे. कवी पेत्रार्क 1336 मध्ये हा पर्वत चढून गेला तेव्हा तेथे मेंढपाळांच्या पायवाटाच होत्या. माथ्यावर हवामान वेधशाळा उभारण्याचे ठरल्यावर, बांधकामाचे सामान वर नेण्यासाठी, 1880 च्या दशकात बेद्वाँ गावातून पहिला गाडीरस्ता काढण्यात आला. सुमारे 21 किलोमीटरचा हा रस्ता सुरुवातीला द्राक्षमळ्यांतून सौम्यपणे जातो, नंतर जंगलात शिरून कित्येक किलोमीटर नऊ-दहा टक्क्यांच्या चढाने वर सरकतो, म्हणजे दर शंभर मीटर अंतराला नऊ-दहा मीटर उंची गाठतो, आणि शेवटी झाडे संपून पांढऱ्या चुनखडीच्या उघड्या उतारावर येतो. तेथे मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सायकलस्वाराला आडवे ढकलू शकतो.

असे रस्ते असूनही 1890 च्या सुमाराची सायकल त्यांना पुरी पडत नव्हती आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. पेडलजवळच्या चक्राला 44 दात, मागच्या चाकाच्या चक्रीला 18 दात आणि चाकाचा घेर 2.1 मीटर धरला, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.1 मीटर पुढे जाते. आठ टक्के चढावर याचा अर्थ स्वार, सायकल आणि सामान मिळून सगळे वजन प्रत्येक फेऱ्याला 41 सेंटिमीटर वर उचलावे लागते. दोन्ही चक्रांना 28 दात असतील तर तेच उचलणे 17 सेंटिमीटरवर येते. सपाटीला पहिली जोडी हवी, घाटाला दुसरी. आणि सायकलीला तर एकच जोडी असे.

या प्रश्नाला आयुष्य वाहणारा माणूस म्हणजे पॉल द व्हिव्ही. त्याचा जन्म 1853 मध्ये व्हाँतूच्या परिसरातील पेर्न गावी झाला. सेंतेतियेन या बंदुका, फिती आणि पुढे सायकली बनवणाऱ्या औद्योगिक शहरात तो रेशमाचा व्यापारी होता, पण 1887 मध्ये त्याने सायकलींचे दुकान काढले आणि ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्धी पावलेले नियतकालिक सुरू केले. त्यात तो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत असे. आधी चेन हाताने उचलून एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर घालायची, मग सायकलीच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चेन बसवायच्या, असे प्रयोग करत तो बहुगिअरी सायकलीपर्यंत आला. आपण योजलेली प्रत्येक जुळणी तो शहराबाहेरच्या 1161 मीटर उंचीच्या रेपुब्लिक घाटात स्वतः चालवून पाही आणि निष्कर्ष, अपयशासह, छापून टाकी. त्याचे खरे मोठेपण या उघडेपणात आहे, कारण त्यामुळेच गावोगावचे कारागीर त्याच्या प्रयोगांवर पुढचे प्रयोग रचू शकले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि केवळ मिरवण्यासाठी कधी पेडल मारू नये, असे त्याने सांगितलेले नियम दीर्घ पल्ल्याचे स्वार अजूनही पाळतात.

शर्यतींच्या जगाने या सुधारणेला दीर्घकाळ विरोध केला. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याच्या मते गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक होती. तरुण स्पर्धकाने स्नायूंच्या जोरावरच जिंकावे, असा त्याचा आग्रह होता. म्हणून धावत्या सायकलीवर चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे ‘डिरेलर’ हे साधन पर्यटकांच्या सायकलींवर रुळल्यानंतरही टूर द फ्रान्समध्ये थेट 1937 साली मान्य झाले. यंत्राची प्रगती शर्यतीतून होते आणि सामान्यांपर्यंत नंतर झिरपते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे प्रवाह नेमका उलटा वाहिला.

ईस्टरच्या सुट्टीत वेलोसियो आपल्या सोबत्यांना घेऊन प्रोव्हाँसला जाई. रात्रभर सायकल चालवत ऱ्होनच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरायचे, मिस्त्राल पाठीशी असला तर अंतर झपाट्याने कापायचे आणि परतताना तोच वारा छातीवर घ्यायचा, असा हा प्रवास असे. सेंतेतियेनमध्ये 1930 साली ट्रामची धडक बसून तो गेला, तेव्हा तो 76 वर्षांचा होता. त्याच्या स्मरणार्थ ऑदॅक्स क्लब पारिझियाँ या संस्थेने 1947 मध्ये ‘फ्लेश वेलोसियो’ सुरू केली. तीत तीन ते पाच सायकलींचा गट 24 तासांत किमान 360 किलोमीटर अंतर तोडून ईस्टरच्या मेळाव्याला पोहोचतो. पुणे-मुंबईचे सायकलस्वार ज्यांना ‘बीआरएम’ म्हणतात, त्या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्यांना मान्यता देणारी संस्थाही हीच.

रस्त्यांच्या बाजूने महत्त्वाचे काम टूरिंग क्लब द फ्रान्सने केले. सायकलस्वारांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पुढाकाराने एस्तेरेलच्या तांबड्या कड्यांना बिलगून जाणारा किनारारस्ता 1903 मध्ये खुला झाला. लेमाँ सरोवरापासून नीसपर्यंत उंच खिंडी जोडणारा सलग मार्ग काढण्याची कल्पनाही तिचीच, आणि ती 1909 पासून आकार घेऊ लागली. तोपर्यंत संस्थेचे लक्ष मोटारींकडे वळले होते, त्यामुळे हा मार्ग आखला गेला तो मोटारींच्या पर्यटनासाठी. इझराँ या 2770 मीटर उंचीच्या खिंडीतील रस्त्याचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रँ यांच्या हस्ते 1937 मध्ये झाले तेव्हा साखळीतला मोठा दुवा जोडला गेला, म्हणजे टूर द फ्रान्सने डिरेलर स्वीकारला त्याच वर्षी.

या सगळ्या रस्त्यांचे वाचन सायकलस्वार नकाशावरून करत आले. मिशलाँ कंपनीच्या नकाशांत चढावर छोटे बाण छापलेले असतात. एक बाण म्हणजे साधारण पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे तेरापर्यंत, तीन म्हणजे त्याहून कठीण. 1972 मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लब दे साँ कोल’ या मंडळाचे सदस्यत्व किमान शंभर निरनिराळ्या खिंडी सायकलने चढलेल्यालाच मिळते, आणि त्यांतील पाच तरी 2000 मीटरहून उंच असाव्या लागतात. सदस्यत्वाला शुल्काहून महत्त्वाची असते ती उमेदवाराने स्वतः केलेली, खिंडींची नावे आणि उंची नोंदवलेली यादी. नीसच्या पाठीमागचा डोंगराळ भाग अशी यादी वाढवण्यासाठी विशेष सोयीचा ठरतो, कारण मिठाच्या तांड्यांना एकामागून एक ओलांडाव्या लागलेल्या त्याच खिंडी येथे एकमेकींपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत.