दंतरोपण मार्गदर्शक साचा

गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचे कृत्रिम मूळ बसविताना छिद्राचे स्थान, दिशा व खोली नियंत्रित करणारे साधन. हा साचा दातांवर, हिरडीवर किंवा प्रत्यक्ष हाडावर टेकवितात व त्यातील नळीतून ड्रिल आत नेतात. खालच्या जबड्यातील तंत्रिकेला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होतात. ही बधिरता कधीकधी कायमची राहते. म्हणून अचूकतेला महत्त्व आहे.

टिटॅनियम हाडाशी घट्ट सांधले जाते, हे स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशावरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी मनुष्याच्या जबड्यात अशी रोपणे केली. आरंभीचे साचे प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवरून करीत. त्यांवरून हिरडीखालील हाडाची जाडी कळत नसे. क्ष-किरण छायाचित्रही द्विमितीय असे. संगणकीय छेदचित्रणाचा रुग्णावर पहिला उपयोग १९७१ मध्ये लंडन येथे झाला. चार्ल्स हल यांना द्रव राळ प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीचे एकस्व १९८६ मध्ये मिळाले. या दोहोंच्या संयोगातून संगणकावर आखलेली योजना साच्यात उतरविणे शक्य झाले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या शंकुकिरण छेदचित्रणामुळे ही पद्धती दंतचिकित्सालयांच्या आवाक्यात आली.

महाराष्ट्रात मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. पुढे हे शिक्षण ग्रामीण भागातही पोहोचले. कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगावच्या परिसरातील नवे पारगाव (ता. हातकणंगले) येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय हे त्याचे उदाहरण होय.

साचा वापरूनही योजना व प्रत्यक्ष स्थान यांत फरक पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस चिकित्सालयीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार हे विचलन सरासरीने प्रवेशबिंदूपाशी १·२ मिमी., टोकाशी १·४ मिमी. व कोनात ३·५° आढळले. केवळ एवढ्या कोनामुळे १० मिमी. लांबीच्या रोपणाचे टोक सुमारे ०·६ मिमी. सरकते. चित्रणाच्या वेळी रुग्णाची हालचाल, साचा नीट न बसणे, नळी व ड्रिल यांतील फट ही विचलनाची प्रमुख कारणे होत. काही दात शिल्लक असल्यास साच्याला भक्कम आधार मिळतो. संपूर्ण दंतहीन जबड्यात हिरडी दबत असल्याने अचूकता घटते. सरासरीपेक्षा मोठी चूकही संभवते. म्हणून तंत्रिकेपासून किमान २ मिमी. अंतर राखण्याचा संकेत आहे. [⟶ दंतवैद्यक].