नाळ आणि दुधाचा दात : विषाची दोन दफ्तरे

१/
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि पेशवे दफ्तरातील रुमाल डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकातील एका मोठ्या अन्यायाचा इतिहास मात्र दोन वेगळ्याच साधनांवर उभा आहे : जपानमधील वाळलेल्या नाळा आणि अमेरिकेतील मुलांचे पडलेले दुधाचे दात. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
प्रश्न असा होता : घडत असलेल्या मेंदूपर्यंत कारखान्याचे विष पोचते का, आणि पोचत असेल तर केव्हा व किती? जन्मापूर्वीच्या विषाची नोंद नाळेत राहिली, जन्मानंतरच्या विषाची दातात. कंपन्यांच्या कागदपत्रांत जे लिहिले गेले नाही किंवा दडवले गेले, ते या दोन दफ्तरांत शाबूत होते.

३/
पहिले दफ्तर मिनामाताचे. जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्या होत्या. तेथेच चिस्सो कंपनीचा रसायन कारखाना होता. १९३२ पासून त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. या प्रक्रियेत पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई आणि सांडपाणी सरळ खाडीत सोडले जाई.

४/
या प्रक्रियेत पाऱ्याचा काही अंश मिथाइल मर्क्युरी या घातक रूपात बदलत असे. पाण्यातील सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे अशा पायऱ्यांनी विषाचे प्रमाण वाढत जाई. १९५० च्या दशकात खाडीकाठची मांजरे झटके येऊन गरगर फिरू लागली व मरू लागली. मांजरांचे आणि कोळ्यांचे अन्न एकच होते.

५/
एप्रिल १९५६ मध्ये जेमतेम सहा वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाली. तिला चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीणही तशीच आजारी पडली. १ मे १९५६ रोजी रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी मज्जासंस्थेच्या अज्ञात विकाराची वर्दी आरोग्य केंद्राला दिली. मिनामाता रोगाची अधिकृत नोंद ती हीच.

६/
जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते फेटाळले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले. ऑक्टोबरमध्ये ४०० क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणे दिसू लागली. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही.

७/
डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने रुग्णांशी एक करार केला. रकमेला ‘भरपाई’ म्हटले नव्हते. ते ‘सहानुभूतीचे पैसे’ होते. मृताच्या कुटुंबाला ३ लाख येन, आजारी मुलाला वर्षाला ३० हजार येन. त्यात एक कलम होते : पुढे कारखान्याचे सांडपाणीच रोगाचे कारण ठरले, तरी रुग्ण नवी मागणी करणार नाहीत. मांजर ४०० चा निष्कर्ष तेव्हा कंपनीच्या हाती होता.

८/
याच वर्षांत किनाऱ्यावरच्या घरांत जन्मलेली काही बालके मान धरत नव्हती, रांगत नव्हती, त्यांना बोलता येत नव्हते. डॉक्टर त्यांना सेरेब्रल पाल्सी झाल्याचे सांगत. मिनामाता रोग मासे खाल्ल्याने होतो आणि या बालकांनी तर मासे खाल्लेच नव्हते. वार ही गर्भाभोवतीची अभेद्य तटबंदी आहे, आईच्या रक्तातील विष ती अडवते, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती.

९/
१९६१ मध्ये कुमामोतो विद्यापीठाचे तरुण डॉक्टर हारादा मासाझुमी वस्तीत फिरत असताना त्यांना दोन भाऊ दिसले. दोघांची लक्षणे सारखी. थोरल्याला मिनामाता रोग आणि धाकट्याला सेरेब्रल पाल्सी, असे निदान होते. त्यांच्या आईला ते मान्य नव्हते. धाकटा पोटात असताना आपण मासे खाल्ले, तेच विष त्याला लागले, असे तिने ठामपणे सांगितले.

१०/
त्या आईचे म्हणणे खरे ठरले. मिथाइल मर्क्युरी शरीरातील एका अमिनो आम्लाला चिकटते आणि जोडीने ते मेथिओनाइन या आवश्यक अमिनो आम्लासारखे भासू लागते. वार त्याला पोषक द्रव्य समजून आत घेते. परिणामी बाळाच्या रक्तातील पारा आईच्या रक्तापेक्षाही जास्त होतो. आई त्यामानाने ठणठणीत राहते आणि आघात गर्भावर होतो.

११/
प्रौढांच्या मेंदूत हे विष मुख्यत्वे काही ठरावीक भागांवर आघात करते : दृष्टीचे केंद्र, तोल सांभाळणारा लहान मेंदू. गर्भाच्या मेंदूत पेशी अजून जन्मत असतात आणि आपापल्या जागी सरकत असतात. तो प्रवासच बिघडला की हानी सगळीकडे पसरते. एका मृत बालकाच्या शवविच्छेदनानंतर १९६२ च्या अखेरीस १६ मुलांना गर्भावस्थेतच मिनामाता रोग झाल्याचे मान्य करण्यात आले.

१२/
येथे नाळ पुढे येते. ‘जिथे नाळ पुरली ते गाव’ असे मराठीत म्हणतात. जपानमध्ये मात्र नाळ पुरत नाहीत. बाळाची वाळलेली नाळ लहानशा लाकडी डबीत घालून आई वर्षानुवर्षे जपून ठेवते. हारादा यांनी मिनामाताच्या घरांतून अशा नाळा मिळवल्या. प्रत्येक नाळेला जन्मतारीख होती. त्यांत मिथाइल मर्क्युरी सापडले.

१३/
हे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मवर्षांनुसार नाळा लावल्या, तेव्हा त्यांतील विषाचा चढउतार कारखान्याच्या उत्पादनाच्या चढउताराशी जुळला. कारखान्याने ज्या वर्षांत खाडीचे पाणी तपासून ठेवले नव्हते, त्या वर्षांची नोंद आयांनी कपाटात जपून ठेवली होती, स्वतःला ठाऊक नसताना.

१४/
अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ मध्ये थांबले. सप्टेंबरमध्ये जपान सरकारने कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे मान्य केले. पहिल्या वर्दीला तेव्हा १२ वर्षे लोटली होती. १९७० मध्ये डॉ. होसोकावा यांनी मृत्युशय्येवरून मांजर ४०० ची साक्ष दिली. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि १९५९ चा करार अनीतिमूलक म्हणून रद्दबातल केला.

१५/
दुसरे दफ्तर शिशाचे. हे विष पाऱ्याइतके झटपट उघड झाले नाही. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवून दिले की मुलांना होणारी शिसेबाधा घराच्या व्हरांड्याच्या कठड्यावरील रंगातून येते. रंगाची भुकटी हाताला लागते आणि हात तोंडात जातो. क्वीन्सलँड प्रांताने १९२२ मध्ये अशा रंगावर कायद्याने बंधने घातली. जग मात्र उलट दिशेने निघाले होते.

१६/
डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळले की इंजिनाचा खडखडाट थांबतो. १९२३ पासून ते ‘एथिल’ नावाने विकले जाऊ लागले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. विक्री काही काळ थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

१७/
उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो यांची भूमिका सुस्पष्ट होती : अपाय झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा आणा, मग बंदीचा विचार करू. ऐकायला ही भूमिका शास्त्रीय वाटते. पण संशोधनाचा पैसा बहुतांशी उद्योगाकडेच होता आणि पुरावा तयार होण्यासाठी आधी कोणाला तरी अपाय व्हावा लागणार होता. पुढची सुमारे ४० वर्षे हाच नियम चालला.

१८/
शिसेबाधेतून जगलेले मूल पूर्ण बरे होते, अशीही समजूत होती. १९४३ मध्ये बोस्टनचे रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी ‘बऱ्या’ झालेल्या २० मुलांचा मागोवा घेतला. त्यांतील १९ मुले शाळेत मागे पडली होती किंवा त्यांचे वर्तन बिघडले होते. ताप उतरला होता, झटके थांबले होते. मेंदूवरचा घाव मात्र राहिला होता.

१९/
मग ज्या मुलांना कधी झटके आलेच नाहीत, त्यांचे काय? येथे साधनाची अडचण होती. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते. आजच्या रक्तावरून दोन वर्षांपूर्वीचे विष कळत नाही. शरीर मात्र शिशाला कॅल्शियम समजून हाडात आणि दातात साठवते. हाड कापून पाहता येत नाही. दुधाचा दात आपोआप पडतो.

२०/
बालमनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी हेच हेरले. मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी व सोमरव्हिल या गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांकडून त्यांनी पडलेले दात गोळा केले. सर्वाधिक शिसे असलेली ५८ आणि सर्वांत कमी शिसे असलेली १०० मुले त्यांनी निवडली. यांपैकी एकालाही शिसेबाधेचा रुग्ण म्हणून कोणी ओळखले नव्हते.

२१/
१९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त शिसे असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे साडेचार गुणांनी कमी होता. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. तरीही शिसे जितके जास्त, तितके मूल चंचल, विस्कळीत आणि सूचना न पाळणारे, असेच त्यांच्या नोंदींतून दिसले. अकरा वर्षांनंतरच्या पाहणीत या मुलांची शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता सातपट आढळली.

२२/
कारण मेंदूच्या घडणीतच आहे. पेशींमधील संदेशवहन कॅल्शियमवर चालते आणि शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत मेंदू असंख्य जोडण्या बांधतो. त्यांतील कोणत्या टिकवायच्या हे संदेशांवर ठरते. संदेशच चुकीचे गेले तर बांधणी चुकते. शिवाय गिळलेले शिसे लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार-पाचपट शोषून घेते.

२३/
नीडलमन यांना किंमत मोजावी लागली. १९९१ मध्ये, शिसे उद्योगाच्या बाजूने साक्षीदार असलेल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर शास्त्रीय गैरव्यवहाराचा आरोप केला. नीडलमन यांनी चौकशी उघडपणे व्हावी अशी मागणी केली. १९९२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात खुली सुनावणी झाली आणि ते आरोपातून मुक्त झाले.

२४/
अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची चिंताजनक पातळी १९६० च्या दशकात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम मानली जाई. ती १९७० मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. मुलांची शरीरे तीच होती. बदलले ते पुरावे.

२५/
दोन्ही दफ्तरे एका ठिकाणी मिळतात. स्त्रीच्या हाडात बालपणापासून साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शियमबरोबर सुटते आणि वारेतून गर्भात जाते. म्हणजे आजीच्या काळच्या पेट्रोलचा धूर नातवाच्या नाळेपर्यंत पोचू शकतो. एखादा पदार्थ बाजारातून गेला, म्हणून त्याचा इतिहास संपत नाही.

२६/
भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. घरगुती रंगांतील शिशावर भारताने २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. त्यांतील साडेसत्तावीस कोटींहून अधिक भारतात. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणाऱ्या भट्ट्या आणि हळदीत भेसळ होणारा लेड क्रोमेटचा पिवळा रंग ही त्याची काही उगमस्थाने.

२७/
गिब्सन यांचा १९०४ चा लेख आणि मिनामाताच्या आईचे १९६१ चे बोलणे, दोन्ही खरे होते. दोन्हींना दीर्घकाळ ‘पुरावा अपुरा’ हेच उत्तर मिळाले. पुरावा शेवटी जमला. पण तो मुलांच्या शरीरात जमला, आणि जमेपर्यंत त्या मुलांचे मेंदू घडून झाले होते. आज एखाद्या नव्या रसायनाबाबत ‘आधी अपाय सिद्ध करा’ असे कोणी म्हणेल, तेव्हा ही दोन दफ्तरे उघडून पाहावीत.