सर्कस व रंजनकलाविषयक नियतकालिके

सर्कस, जादूचे प्रयोग, हातचलाखी, विविधरंजन व तत्सम प्रयोगकलांच्या क्षेत्रातील वार्ता, परीक्षणे, व्यावसायिक सूचना आणि इतिहास यांना वाहिलेली नियतकालिके. या कलांचा मुख्य विशेष म्हणजे त्यांचे फिरतेपण. नाटकाला नाट्यगृह असते, सर्कशीला असते ते भाड्याचे मैदान. प्रयोग संपला, तंबू उतरला, की त्या जागी खुंट्यांच्या खड्ड्यांखेरीज काही उरत नाही. अशा कलेला स्थिर पत्ता मिळवून देणे आणि तिची नोंद राखून ठेवणे, ही दोन कामे या नियतकालिकांनी केली. ती कोणाच्या पैशावर चालली, यावरच त्यांचे स्वातंत्र्य आणि आयुष्य बहुतांशी ठरले. या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार संभवतात : जाहिरातींवर चालणारी व्यवसायपत्रे, कलावंतांच्या संघटनांची मुखपत्रे आणि रसिक व अभ्यासक यांच्या वर्गणीवर चालणारी पत्रे. यांखेरीज शासकीय आश्रयावरही काही नियतकालिके निघाली. उदा., सोव्हिएट रशियात १९५७ मध्ये सुरू झालेले सोव्हेत्स्की त्सिर्क हे मासिक. परंतु तेथे सर्कस हाच राज्याचा उपक्रम असल्यामुळे त्या पत्राचा प्रश्न वेगळा ठरतो.

प्रारंभ : फिलिप ॲस्टली (१७४२–१८१४) याने १७६८ मध्ये लंडन येथे वर्तुळाकार रिंगणात अश्वारोहणाचे प्रयोग सुरू केले आणि आधुनिक सर्कशीचा पाया घातला. पुढील अनेक दशके या खेळांची माहिती केवळ हस्तपत्रके, भित्तिपत्रके आणि दैनिकांतील त्रोटक उल्लेख यांतूनच मिळते. लंडनचे द इरा हे साप्ताहिक १८३८ मध्ये निघाले, ते परवानाधारक मद्यविक्रेत्यांनी भागभांडवल जमवून. पत्र एका समूहाच्या मालकीचे असले, तरी त्या समूहाला हवे असलेले पत्र कोणते, हे निश्चित नव्हते, आणि व्यवहार तोट्यात गेला. पुढे फ्रेडरिक लेजर याने ते एकट्याच्या ताब्यात घेतले आणि रंगभूमी, संगीतगृहे व सर्कस यांच्या वार्तांना प्राधान्य दिले. त्यामुळे ते इंग्लंडमधील रंजनव्यवसायाचे प्रमुख पत्र बनले व १९३९ पर्यंत चालले. केवळ समूहाचा पैसा पुरेसा नसतो, त्या समूहाला पत्राची गरज असावी लागते, हा पुढील काळात वारंवार प्रत्ययास आलेला धडा येथे प्रथम दिसतो. अमेरिकेत १८५३ मध्ये फ्रँक क्वीन याने काढलेले न्यूयॉर्क क्लिपर हे पत्र प्रारंभी क्रीडाविषयक होते. हळूहळू त्यात सर्कस व विविधरंजन यांच्या वार्तांना स्थान मिळाले आणि फिरत्या कंपन्यांच्या मार्गांची माहिती त्यात छापली जाऊ लागली.

जाहिरातींवरील पत्रे : ओहायओ राज्यातील सिनसिनाटी येथे १ नोव्हेंबर १८९४ रोजी विल्यम डोनाल्डसन व जेम्स हेनेगन यांनी बिलबोर्ड ॲडव्हर्टायझिंग हे आठ पानांचे मासिक सुरू केले. भित्तिपत्रके छापणारे व चिकटविणारे हा त्याचा पहिला वाचकवर्ग. सर्कस हे भित्तिपत्रकांचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे हे पत्र सर्कस, जत्रा व फिरते खेळ यांकडे वळले. १९०० मध्ये डोनाल्डसनने भागीदाराचा हिस्सा पाचशे डॉलरला विकत घेतला व पत्र साप्ताहिक केले.

बिलबोर्डचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची टपालसेवा. आज या गावी तर उद्या दुसऱ्या गावी असणाऱ्या कलावंताला पत्र पाठवावे कोठे, हा प्रश्न त्याच्या कुटुंबाला नेहमीच पडे. १९०४ पासून बिलबोर्डने आपल्या कार्यालयात अशी पत्रे स्वीकारण्यास सुरुवात केली. ज्यांची पत्रे आली असतील त्यांच्या नावांची यादी अंकात छापली जाई. ती वाचून कलावंत आपला मुक्काम कळवीत आणि पत्र तेथे रवाना होई. १९१४ मध्ये सु. ४२,००० लोक या सेवेचा लाभ घेत होते. पहिल्या महायुद्धात लष्करभरतीची पत्रेही अनेकांना याच पत्त्यावर आली. या यादीमुळे अंकाची खरेदी ही फिरत्या माणसाची गरज बनली. वर्गणी मागावी लागण्याऐवजी ती आपोआप येऊ लागली.

मात्र पत्राचा खर्च मुख्यतः जाहिरातींवर भागत असे आणि या अवलंबित्वाला दुसरी बाजूही होती. सायम सिल्व्हरमन (१८७३–१९३३) याला न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून कामावरून कमी करण्यात आले. एका जाहिरातदाराच्या प्रयोगावर त्याने प्रतिकूल परीक्षण लिहिले, हे त्याचे कारण सांगितले जाते. सासऱ्याकडून पैसे उसने घेऊन त्याने डिसेंबर १९०५ मध्ये व्हरायटी हे साप्ताहिक काढले व परीक्षणात जाहिरातदाराची भीड न धरण्याचे धोरण ठेवले. पुढे बड्या कंत्राटदार कंपन्यांनी आपल्या कलावंतांना या पत्रात जाहिराती न देण्याची तंबी दिली आणि पत्राला काही वर्षे आर्थिक ओढाताणीत काढावी लागली. ते टिकले. तथापि पुढील काळात त्याचे लक्ष प्रामुख्याने चित्रपट व रंगभूमी यांकडे वळले. न्यूयॉर्क क्लिपर १९२४ मध्ये त्यातच विलीन झाले.

जाहिरातदारांचा ओघ जिकडे, तिकडे पत्राचे तोंड, हा नियम बिलबोर्डलाही चुकला नाही. १९५६ च्या जुलैमध्ये रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीने पिट्सबर्ग येथे तंबूतील आपला अखेरचा प्रयोग केला. ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मात्र वाढत होता. १९६१ च्या आरंभी बिलबोर्ड हे संगीतव्यवसायाचे पत्र झाले व सर्कस, जत्रा इ. विषय ॲम्यूझमेंट बिझनेस या वेगळ्या साप्ताहिकाकडे सोपविण्यात आले. तेही २००६ मध्ये बंद पडले. ज्या सर्कशीच्या भित्तिपत्रकांवर हे पत्र वाढले, तिला त्यात जागा उरली नाही.

संघटनांची मुखपत्रे : कलावंतांनी स्वतःच्या वर्गणीतून चालविलेल्या पत्रांचा उदय विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. जर्मनीत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कलावंत संघटनेने दास प्रोग्राम हे मुखपत्र काढले. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९०६ मध्ये व्हरायटी आर्टिस्ट्स फेडरेशन ही संघटना स्थापन झाली आणि पुढील महिन्यातच तिचे द परफॉर्मर हे साप्ताहिक सुरू झाले. १९०७ च्या जानेवारीत लंडनमधील संगीतगृहांतील कलावंतांनी संप केला, तेव्हा मालकांच्या जाहिरातींवर अवलंबून नसलेले पत्र हाताशी असण्याचे महत्त्व स्पष्ट झाले. वाद लवादाकडे गेला व कलावंतांच्या अनेक मागण्या मान्य झाल्या. द परफॉर्मर १९५७ पर्यंत निघत होते. संगीतगृहांचा व्यवसाय ओसरला, सभासद घटले आणि पत्र थांबले. जत्रांतील खेळवाल्यांसाठी ओल्डम येथून १९०४ मध्ये निघालेले द वर्ल्ड्स फेअर हे खासगी मालकीचे, तथापि त्याच स्वरूपाची गरज भागविणारे पत्र होते. तंबू व गाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांचे जन्म, विवाह, मृत्यू व मुक्काम यांची त्यातील नोंद ही त्या समाजाची वंशावळच म्हणता येईल.

रसिकांची व अभ्यासकांची पत्रे : मुखपत्र व्यवसायाबरोबर क्षीण होते. याउलट व्यवसाय उतरणीला लागल्यावर रसिकांची पत्रे बळावली. अमेरिकेत सर्कशीच्या चाहत्यांची संघटना १९२६ मध्ये स्थापन झाली व पुढील वर्षी तिचे द व्हाइट टॉप्स हे पत्र निघाले. इंग्लंडमध्ये १९३४ मध्ये स्थापन झालेल्या सर्कसमित्रांच्या संघटनेतर्फे किंग पोल हे नियतकालिक प्रसिद्ध होत आले आहे. तंबूचा मुख्य खांब असा या नावाचा अर्थ. फ्रान्समधील सर्कस मंडळाने (स्थापना १९४९) ल सर्क दाँ ल्युनिव्हेर हे त्रैमासिक चालविले. इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पत्र म्हणजे अमेरिकेतील सर्कस इतिहास मंडळाचे (स्थापना १९३९) बँडवॅगन हे होय. फ्रेड फेनिंग याने १९६० च्या दशकापासून अनेक दशके त्याचे संपादन केले. बेकरीची यंत्रे बनविणारा कारखाना हा त्याचा चरितार्थाचा व्यवसाय होता, संपादन ही हौस होती.

या पत्रांची अर्थव्यवस्था साधी आहे. सभासदाची वार्षिक वर्गणी हीच अंकाची वर्गणी असते. लेखक व संपादक बहुधा मानधन घेत नाहीत. छपाई व टपाल हे मुख्य खर्च असतात. त्यामुळे काहीशे किंवा काही हजार वाचकांवरही पत्र तग धरते. व्यापारी पत्राला एवढा वाचकवर्ग पुरत नाही. सभासद हेच वार्ताहर असल्यामुळे गावोगावच्या मुक्कामांची नोंद, छायाचित्रे, जुनी मार्गपत्रके व पत्रव्यवहार आपोआप संपादकाकडे जमा होतात. अशा प्रकारे वर्गणीतून पैसा तर मिळतोच, शिवाय आशयही मिळतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. चाहता हा मुळात स्नेही असतो, टीकाकार नव्हे. प्राण्यांना मिळणारी वागणूक, कामगारांचे वेतन, मुलांकडून करून घेतली जाणारी कामे यांसारख्या विषयांवर ही पत्रे दीर्घकाळ मौन पाळून होती किंवा मालकांची बाजू घेत होती. जाहिरातदाराची भीड गेली, तरी स्नेह्याची भीड राहतेच. दुसरी अडचण वयाची. चाहत्यांची पिढी वृद्ध झाली, की सभासदसंख्या घटते व नव्या पिढीची अभिरुची वेगळी असते.

ही पोकळी अंशतः नव्या प्रकारच्या पत्रांनी भरून काढली. हातचलाखीने वस्तू फेकणाऱ्या-झेलणाऱ्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे (स्थापना १९४७) वार्तापत्र वाढत जाऊन नियतकालिक झाले. जर्मनीतील वीसबाडेन येथून १९८४ ते २०१३ या काळात निघालेले कास्काडे हे पत्र यूरोपातील अशा हौशी व व्यावसायिक कलावंतांना जोडणारे ठरले. अमेरिकेत अर्नेस्ट आल्ब्रेख्ट याने १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्पेक्टॅकल या त्रैमासिकाने प्राण्यांविना होणाऱ्या नव्या सर्कशीची कलादृष्टीने चिकित्सा केली. एकविसाव्या शतकात छपाई व टपाल यांचा खर्च टाळून अनेक पत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागली आणि वाचकांकडून लहान रकमांची नियमित देणगी घेण्याची पद्धत रूढ झाली. साधन नवे असले, तरी तत्त्व वर्गणीचेच आहे.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती : भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी माणसाच्या हातून झाला. इटालियन सर्कसचालक कियारिनी याचे खेळ मुंबईत पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये आपली सर्कस उभारली. ग्वाल्हेर घराण्याचे गायक रहिमतखाँ यांचा सांभाळ छत्रे यांनीच केला व सर्कशीबरोबर ते गावोगाव फिरले. एकाच कंपनीच्या आश्रयाने कसरत व ख्याल या दोन्ही कला नांदल्याचे हे उदाहरण आहे. केरळातील तलश्शेरी येथील कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्या शिक्षणामुळे पुढे भारतीय सर्कशीला कसरतपटूंची मोठी परंपरा लाभली. तथापि या दीड शतकाचा इतिहास मुख्यतः वृत्तपत्रांतील विखुरलेला मजकूर, मौखिक आठवणी आणि आत्मकथने यांवरूनच जुळवावा लागतो. अमेरिकेत नाव मिळविणारे पुण्याचे वन्यपशुशिक्षक दामू धोत्रे (१९०२–७३) यांचे वाघसिंह माझे सखेसोबती हे आत्मकथन अशा साधनांत महत्त्वाचे आहे. परंतु आत्मकथन तंबूतील एकाच माणसाचे असते. खांब उभारणारे, स्वयंपाकी, वादक, झुल्याखाली जाळे धरणारे यांची नावे केवळ नियतकालिकाच्या आठवड्यागणिक नोंदीतच राहू शकतात.

महाराष्ट्रातील अन्य प्रयोगकलांना अशा पत्रांचा आधार मिळाला. नाट्यव्यवसायात शंकर बापूजी मुजुमदार यांचे रंगभूमि हे मासिक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाले. १९४७ मध्ये प्रा. बा. र. देवधर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेले संगीत कलाविहार हे गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मासिक तर दीर्घजीवी ठरले. गावोगावची संगीतविद्यालये, शिक्षक व विद्यार्थी यांचे जाळे हे त्याचे बळ होय. सर्कशीपाशी विद्यालयांचे असे जाळे नव्हते. तिचे शिक्षण तंबूत किंवा आखाड्यात होई आणि प्रेक्षक प्रत्येक मुक्कामी नवा असे. त्यामुळे वर्गणीदारांचा स्थिर समूह येथे तयार झाला नाही.

१९९८ मध्ये वाघ, सिंह, अस्वल आदी प्राण्यांच्या खेळांवर केंद्र शासनाने बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि २०११ मध्ये मुलांना सर्कशीत काम देण्यासही मनाई झाली. या निर्णयांमागील कारणे योग्य असली, तरी त्यांबरोबर एक संपूर्ण जीवनपद्धती अल्पकाळात मागे पडली. अशा वेळी तिची साक्ष कोण नोंदविणार, हा प्रश्न उरतो. बिलबोर्डपासून बँडवॅगनपर्यंतच्या अनुभवावरून एवढे निश्चित दिसते, की बाजार जोवर आहे तोवरच व्यापारी पत्र कलेबरोबर राहते. बाजार उठल्यावर तिची स्मृती राखण्याचे काम अखेरीस थोड्या, परंतु नियमित वर्गणी भरणाऱ्या माणसांकडेच येते.