चिप्सचं पाकीट आणि पुडीची माळ : मुलांच्या सवयी, आरोग्य आणि कायदा

बेळगाव असो, चंदगड असो की डिचोली, शाळेजवळच्या बऱ्याच टपऱ्यांवर एकच चित्र दिसतं. वर चिप्स-कुरकुऱ्यांची पाकिटं, खाली बरणीत गोळ्या आणि बाजूला सुगंधी सुपारी, पानमसाल्याच्या माळा. पाच-दहा रुपयांत सगळं मिळतं. पाकीटबंद खाणं आणि व्यसन यांचा संबंध इथूनच तपासायला हवा.

अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणजे काय?
ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने 'नोव्हा' नावाचं वर्गीकरण मांडलं. त्यात अन्नाचे चार गट आहेत. चौथ्या गटात चिप्स, इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, कोल्ड्रिंक असे कारखान्यात बनणारे पदार्थ येतात. घरची चकली तळलेली असली तरी या गटात येत नाही. रंग, कृत्रिम स्वाद, इमल्सिफायर अशा घरात न वापरल्या जाणाऱ्या घटकांवरून हा गट ओळखता येतो.

व्यसनाशी नातं काय?
साखर, मीठ आणि चरबी यांचं नेमकं मिश्रण मेंदूतील डोपामिनच्या 'बक्षीस' यंत्रणेला चाळवतं. निकोटीन आणि दारूही याच यंत्रणेवर काम करतात. मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. त्यामुळे 'आता पुरे' म्हणणं या वयात जड जातं.

पण चिप्स खाणारा मुलगा पुढे गुटखा खाणारच, असं कोणतंही संशोधन सिद्ध करत नाही. या सवयी एकत्र दिसतात, त्यामागे समान कारणं असू शकतात : खिशातले सुटे पैसे, घरी लक्ष कमी, मित्रांचा आग्रह, जाहिराती आणि हाताशी असलेलं दुकान.

खरा पूल : सुपारी आणि कॅफीन
गोड सुपारी मुलं 'खाऊ' म्हणून खातात. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. तोंड उघडणं कमी होत जाणारा सबम्युकस फायब्रोसिस हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो. पुढे त्याच चवीत तंबाखू मिसळली की मावा, गुटखा तयार.

एनर्जी ड्रिंकमध्ये एका लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीनला परवानगी आहे. 'मुलांसाठी योग्य नाही' ही सूचना डब्यावर असते, पण बारीक अक्षरांत.

2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 13 ते 15 वयोगटातील 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचं आढळलं.

कायदा काय सांगतो?
- 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. दंड फक्त 200 रुपयांपर्यंत.
- कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने हे वय 21 केलं. त्यामुळे बेळगावात 19 वर्षांच्या मुलाला सिगारेट विकणं गुन्हा, पण सीमेपलीकडे चंदगडात नाही.
- बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. हा कायदा दोन्हीकडे लागू आहे.
- एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई.

म्हणजे एकाच टपरीवरचा खाऊ आणि पुडी, दोन्ही नियमांत अडकतात. शाळा व्यवस्थापन समितीने फाटकापासूनचं अंतर मोजून ग्रामपंचायत किंवा पालिकेकडे लेखी तक्रार द्यावी.

पालकांनी काय पाहावं?
सुट्या पैशांची वाढती मागणी, तिखट खाताना तोंड भाजणं, तोंड पूर्ण न उघडणं, रात्री झोप न येणं. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. रागावून मुलं लपवायला शिकतात, म्हणून आधी विचारावं. डब्यात भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, केळं दिलं तर टपरीवरचा फेरा कमी होतो.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : 14446. तंबाखू सोडण्यासाठी : 1800-11-2356. दोन्ही मोफत.