जुनी दुनळी बंदूक : नळीवरच्या खुणा आणि परवान्यावरचा क्रमांक

भारतातील अनेक जुन्या घराण्यांत, विशेषतः संस्थानिक, जमीनदार आणि चहा-कॉफीच्या मळ्यांच्या मालकांकडे, इंग्लंडमध्ये घडलेली एखादी दुनळी बंदूक आजही आढळते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकार हा तिचा मूळ उपयोग जवळजवळ संपला. १९८० च्या दशकात खासगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयातही थांबली. त्यामुळे जुन्या विलायती बंदुकांचा व्यवहार देशात तेव्हा असलेल्या साठ्यातच फिरत राहिला आहे.

नवखा संग्राहक प्रथम नाव पाहतो. लंडनची पर्डी (स्थापना १८१४) आणि हॉलंड अँड हॉलंड (१८३५), बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स (१८१२) ही नावे मोहात पाडणारीच आहेत. मात्र दोन नळ्यांमधील पट्टीवर कोरलेले नाव कारागिराचे असतेच असे नाही. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या नावाच्या बऱ्याच बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार होऊन आल्या. कंपनी विक्रेती होती. (२६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले पळवली, ती याच कंपनीच्या मालातून.) बाजूच्या पट्ट्यांवर यंत्रणा बसवलेली ‘साइडलॉक’ बंदूक अधिक देखणी आणि महाग असते. १८७५ मध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी पेटंट घेतलेली ‘बॉक्सलॉक’ रचना साधी व दणकट आहे. झिजलेल्या नळीच्या नामांकित बंदुकीपेक्षा अनाम कारागिराची निकोप बॉक्सलॉक घेणे केव्हाही शहाणपणाचे.

खरी माहिती नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असते. बंदूक उघडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या की तेथे चाचणीगृहाचे ठसे दिसतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार उडवून टिकलेल्या नळीवरच ठसा उमटवला जाई. एकोणिसाव्या शतकातील कित्येक बंदुका केवळ काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत. धूरविरहित दारूच्या चाचणीचा, म्हणजे ‘नायट्रो प्रूफ’चा ठसा नसेल, तर आजचे काडतूस त्या नळीत घालू नये. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सांधून केलेल्या नागमोडी नक्षीच्या ‘दमास्कस’ नळ्यांच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण सांध्यांत आतून शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. स्वस्त मालात साध्या पोलादावर नुसती तशी नक्षी उमटवल्याचेही प्रकार आहेत.

दुसरा धोका काडतुसाच्या लांबीचा. जुन्या बाराबोअर बंदुकांचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. अलीकडे ७० मिलिमीटरचे काडतूस सर्रास मिळते. खोक्यावर छापलेली लांबी काडतूस उडाल्यानंतरची असते. दुमडलेल्या तोंडाचे न उडालेले काडतूस त्याहून आखूड असल्याने लांब काडतूस आखूड घरात सहज बसते आणि घेणाऱ्याची फसगत होते. बार उडताना त्याचे तोंड नळीच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्‍यांची वाट अडते आणि दाब वाढतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील काडतुसे असोत वा अन्य कोणाची, खोक्यावरील आकडा नळीवरील ठशाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

उरलेली तपासणी जाणकार बंदूकसाजाकडून करून घ्यावी. नळीची जाडी मोजणे हा तिचा गाभा. इंग्रजी व्यवहारात वीस हजारांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही जाडीची किमान मर्यादा मानली जाते. नळ्या टांगून हलकेच टिचकी मारली असता घंटेसारखा नाद यावा. बोदा आवाज आला तर पट्टीचे डाख सुटलेले समजावे. पुढचा लाकडी भाग काढून बंद बंदूक हलवली असता सांधा खिळखिळा वाटता कामा नये. झिलई करून चकचकीत केलेल्या बंदुकीविषयी मात्र संशय बाळगावा. त्या घासण्यात कोरीवकाम बोथट होते आणि कधी कधी क्रमांकही पुसट होतो. हा क्रमांक दुहेरी मोलाचा आहे. पर्डीसारख्या कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्यांत त्यावरून बंदुकीचा जन्मवृत्तांत सापडू शकतो, आणि भारतात परवान्यावरची नोंद त्याच्याशी जुळावी लागते. ओळखखूण खोडणे वा बदलणे शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार गुन्हा आहे.

संग्रहाची खरी सीमा याच कायद्याने आखली आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. सरकारचा मूळ प्रस्ताव तर एकाचाच होता. अतिरिक्त शस्त्र जमा करण्यास वर्षभराची मुदत मिळाली. वारसाहक्काने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. निव्वळ पुराणवस्तू म्हणून सूट मिळते, पण ती वस्तू दुरुस्तीनेही चालण्याजोगी नसावी. म्हणजे शतकभर तेल घालून जपलेली चालू बंदूक परवान्याविना भिंतीवर टांगता येत नाही. कारागिरीचा वारसा म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांची ही रास्त तक्रार आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला परंपरेने असलेली परवान्यातील सूट हा देशातील ठळक अपवाद.

खरेदीपूर्वी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना हाती असावा लागतो. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकताना आधी लेखी सूचना द्यायची आणि किमान ४५ दिवस थांबायचे, असा नियम आहे. घरात हस्तांतर करायचे असल्यास मृत्यूची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारकाचे निधन झालेच, तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दोन्हींपैकी जेथे कोरडी जागा व नियमित देखभाल असेल ते ठिकाण निवडावे, आणि पावतीवर कारागिराचे नाव, क्रमांक व नळ्यांची स्थिती नोंदवून घ्यावी.