'प्रतिसरकार' की 'पत्रीसरकार'? : 'गव्हर्नमेंट' या नामाच्या मराठी प्रतिशब्दाविषयी

इंग्रजीतील 'गव्हर्नमेंट' हे नाम इतके परिचयाचे आहे की, त्यास मराठीत कोणता शब्द योजावा हा प्रश्न प्रथमदर्शनी कोणास पडू नये. तथापि मराठीजवळ या एका नामासाठी निदान तीन शब्द आहेत : राज्य, सरकार आणि शासन. हे तिन्ही समानार्थक म्हणून कोशांत शेजारी शेजारी नांदत असले, तरी भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सरकार पडते, शासन पडत नाही. शिवछत्रपतींचे राज्य असे आपण म्हणतो, शिवछत्रपतींचे सरकार असे म्हणत नाही. या तिहींतून नेमका एक शब्द निवडण्याची वेळ १९४२ नंतर सातारा जिल्ह्यातील खेडुतांवर आली. त्या निवडीचा, आणि पुढे त्या शब्दाचे जे झाले त्याचा, इतिहास भाषाभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगा आहे.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके त्यात मोडत. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगावचा मोर्चा यशस्वी झाला, पण वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आदी कार्यकर्त्यांनी १९४३ पासून १९४६ पर्यंत जी व्यवस्था चालविली, तिचे नाव 'प्रतिसरकार'. तिची न्यायदान मंडळे गावोगावचे तंटे मिटवीत. दारूबंदी, सावकारीस आळा, अल्प खर्चाची 'गांधी-लग्ने' हीही तिची कामे होती. तिचे सशस्त्र दल म्हणजे 'तूफान सेना'.

ही नावे नीट न्याहाळावी. 'तूफान' मराठीत फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द, 'सेना' संस्कृत. 'प्रति' संस्कृत उपसर्ग, 'सरकार' निखळ फारसी : 'सर' म्हणजे मस्तक, 'कार' म्हणजे काम, कामावरचा मुख्य तो सरकार. मोगली जमाबंदीत हाच शब्द सुभ्याच्या पोटविभागास लावीत. शिवकालात रघुनाथपंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, तरीही 'सरकार' टिकून राहिला. सावरकरांच्या भाषाशुद्धीची हाक महाराष्ट्रभर दुमदुमत होती. तिचा पुरस्कार करणारा माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, त्यांनीच हा ग्रंथ लिहावा, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. कुंडलच्या आणि वाळव्याच्या कार्यकर्त्यांनी मात्र 'प्रतिशासन' किंवा 'प्रतिराज्य' असा शुद्ध समास घडविला नाही. कारण उघड आहे. तलाठी सारा नेतो तो सरकारचा, जंगल राखीव ते सरकारी, गोळी झाडली ती सरकारने. जे उलथून टाकावयाचे त्याचे नाव गावात 'सरकार' असेच होते. त्याच्यासमोर उभे राहणाऱ्यास तेच नाव घेणे प्राप्त होते.

उपसर्गाची निवड याहूनही मार्मिक म्हणावी लागेल. 'प्रति' या उपसर्गात विरोध आहे (प्रतिपक्ष, प्रतिवादी), सादृश्य आहे (प्रतिमा, प्रतिबिंब), आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा अधिकारही आहे (प्रतिनिधी). हा शेवटचा अर्थ या मुलखास नवा नव्हता. स्वतः कुंडल गाव औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानातील. नेतोजी पालकरांस 'प्रतिशिवाजी' म्हणत हेही सर्वश्रुत होते. विरोध, सादृश्य आणि अधिकार हे तिन्ही अर्थ एका उपसर्गात सामावले होते. इंग्रजी ग्रंथांत रूढ झालेल्या 'पॅरलल गव्हर्नमेंट' या संज्ञेत यांतील एकच, म्हणजे सादृश्य, तेवढे उतरते. समांतर रेषा एकमेकींना कधी छेदत नाहीत. साताऱ्यातील दोन सरकारे मात्र रोज एकमेकांस छेदत होती. त्यामुळे आज काही मराठी लेखनात दिसणारा 'समांतर सरकार' हा प्रयोग म्हणजे मूळ मराठी शब्द इंग्रजीत जाऊन कृश होऊन परत आल्याचा नमुना होय.

हीच इंग्रजी संज्ञा बंगालमधील तामलुक येथे डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारासही लावली जाते. त्याचे स्वतःचे नाव मात्र 'ताम्रलिप्त जातीय सरकार' असे होते. बंगालीत 'जातीय' म्हणजे राष्ट्रीय. मराठी वाचकास त्या नावाचा अर्थ जवळजवळ उलटा लागेल! तामलुकने आपल्या नावात राष्ट्राशी नाते सांगितले, साताऱ्याने शत्रूशी. इंग्रजी लेबलाखाली हा भेद दिसेनासा होतो.

आता 'पत्री'. हा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. गणपतीस वाहतात ती पत्री, आणि बैलाच्या खुरास ठोकतात तीही पत्री. गुन्हेगारांस व पोलिसांच्या खबऱ्यांस प्रतिसरकार पायांना पत्र्या ठोकते, अशी वार्ता पसरली आणि 'पत्रीसरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. तळपायांवर काठीचे फटके मारण्याची शिक्षा दिली जात असे, हे खरे. प्रत्यक्ष पत्री ठोकल्याच्या कथेचा चळवळीतील कार्यकर्त्यांनी इन्कार केला आहे. हा बदल केवळ उच्चारसौकर्यामुळे झाला असे मानता येईल काय? 'नुकसान'चे 'नुसकान' होते, तसा वर्णविपर्यास येथे दाखविता येतो, हे मान्य. परंतु शब्दारंभीच्या 'प्र'चे ग्रामीण बोलीत सामान्यतः काय होते ते पाहावे : प्रधानचे परधान, प्रसादचे परसाद, प्रकारचे परकार. या न्यायाने 'परतीसरकार' हे रूप अपेक्षित होते. ते मागे पडून 'पत्री' रूढ झाले, याचा अर्थ ध्वनीच्या जोडीस अर्थाची ओढ काम करीत होती. ही लोकव्युत्पत्ती होय, आणि ती निरुपद्रवी नव्हती. न्यायदान मंडळे, लग्ने, दारूबंदी हे सर्व मागे सारून तिने एका शिक्षेस संपूर्ण व्यवस्थेचे नाव केले. विरोधकांनी ते हेटाळणीने वापरले. अनेक खेड्यांत तेच धाकाने आणि अभिमानानेही उच्चारले गेले. तेव्हा हे रूप अशुद्ध म्हणून टाकून देणे इतिहासकारास परवडणारे नाही, आणि मूळ नाव म्हणून ते छापणे तर मुळीच नाही.

तिसऱ्या शब्दाची गोष्ट पुढची आहे. 'शासन' हा 'शास्' या धातूपासून आलेला. आज्ञा हा त्याचा एक अर्थ, दंड हा दुसरा. 'त्यास कडक शासन झाले पाहिजे' असे मराठीत आजही म्हणतात. 'सरकार' या शब्दात शिक्षेची छटा मुळात नाही. ती 'पत्री'ने बाहेरून आणून जोडली. 'शासन' शब्दाच्या पोटात मात्र ती पहिल्यापासून आहे. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' सिद्ध झाला. राज्यकारभाराच्या मराठीत 'महाराष्ट्र शासन' हे नाव स्थिरावले, आणि आजही निर्णय निघतो तो 'शासन निर्णय' असतो. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते यशवंतराव चव्हाण, १९४२ च्या साताऱ्यातील भूमिगत लढ्यातले. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या खेड्यांत मात्र सारा सरकारला भरतात, दाद सरकारदरबारी मागतात, आणि म्हातारी माणसे ज्याच्या आठवणी सांगत आली ते पत्रीसरकारच.